दांडीच्या मध्यावर

प्रिय आत्या,

काल रात्री फोनवर तू हसत होतीस आणि मी नुसती हूं हूं करत होते. तुला वाटलं असेल, पोरीला आनंदाने शब्द सुचत नाहीत. सुचत नव्हते हे खरं, पण आनंदाने नव्हे.

आधी चांगलं तेवढं सांगते. कालच्या स्पर्धेत बांबूउडीवाली टोळ (लांब पायांवरून हे नाव तूच ठेवलंस) माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, तळहातांना खडूची भुकटी चोळत. आपल्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला एखादा फोटो अचानक शिंकावा, तसं मला झालं. त्या फोटोंखालच्या ओळींवरच तू मला अक्षरं शिकवलीस. वर्गातली मुलं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'हातोडाफेक' वाचून दाखवलं, म्हणून बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. त्या दारावर धावणारे खाली, फेकणारे मध्ये आणि बांबूउडीवाल्या सगळ्यांच्या वर. त्यांच्याही वर तू, दांडीवरून पलीकडे जाताना, डोळे घट्ट मिटलेले.

टोळने दांडी तीन मीटर बाहत्तरवर लावायला सांगितली. तुझ्या विक्रमापेक्षा एक सेंटिमीटर वर. माप घेण्याचं काम माझं. मी टेप घेऊन दांडीचं टोक जिथे टेकतं तिथे, खांबाशी बसले आणि आकडा सांगितला. खरं तर मुख्य पंचांनी स्वतः वाकून बघायचं असतं. ते म्हणाले, "तू त्या घरातली. तुझं माप मी काय तपासायचं?" माझी मान ताठ झाली. मग टोळ धावली, वर गेली, दांडी थरथरली पण पडली नाही. मी पंच असल्याचं विसरून उड्या मारल्या. पहिल्यांदा तुझी आठवण आली ती त्यानंतर, याची लाज वाटते.

सगळे गेल्यावर विक्रमाचा फॉर्म भरायला घेतला. त्यात छापलेलं होतं: दांडीच्या मध्यावर घेतलेली उंची. पेन तिथेच थांबलं. दांडी लांब असते, स्वतःच्याच वजनाने मध्ये झुकते, हे मला ठाऊक आहे गं. पण हात सवयीने खांबाकडे गेला. खांब अजून त्याच खुणेवर होते. दांडी पुन्हा चढवली, मध्यावर टेप लावला. दीड सेंटिमीटर कमी, म्हणजे तुझ्याहून अर्ध्याने खाली. तीन वेळा मोजलं. मग गादीवर बसले ती माळीकाका दिवे घालवायला येईपर्यंत.

तशीच मुख्य पंचांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, फॉर्म उद्या दुपारपर्यंत दे, पण नीट विचार कर, लोक म्हणतील आत्याचा विक्रम वाचवायला भाचीने खोट काढली. म्हणू देत. माझं माप मी खरं तेच लिहिलंय, आणि टोळला स्वतः भेटून सांगणार आहे. ती माझ्याकडे कशी बघेल, ते माझं मी बघेन.

आत्या, हे पत्र त्यासाठी नाही. माझा हात खांबाकडे का गेला, हे शोधत मी रात्रभर जागी होते. मागच्या अंगणात दोन वाशांवर बांबू ठेवून तूच शिकवलंस: टेप खांबाशी लाव, तिथे दांडी हलत नाही. तुला ते आजोबांनी शिकवलेलं. आणि एकोणीस वर्षांपूर्वी याच मैदानावर तुझी उडी आजोबांनीच मोजली होती. त्या दिवशी त्यांनी टेप मध्यावर लावला असेल, तर विक्रम तुझाच राहतो. खांबाशी लावला असेल, तर तुझ्याही उंचीतून दीड सेंटिमीटर जातो आणि टोळ तुझ्या वरच राहते. आजोबा नाहीत. जवळ उभं राहून बघणारी तू एकटीच होतीस. फोनवर विचारायचा धीर झाला नाही. हे पत्र सकाळी तुझ्या दाराखालून सरकवून मी मैदानावर जाईन. तू सांगशील ते मी लिहीन, पुन्हा विचारणार नाही. फॉर्मवरची 'आधीचा विक्रम' ही ओळ तेवढी कोरी ठेवली आहे.

तुझीच,
मोजपट्टी