दाढेचं खरं काय ते

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना कमी कर. माझी तब्येत उत्तम आहे असं लिहिणार होतो, पण आज खरं लिहायचं ठरवूनच बसलोय, तेव्हा ते वाक्य राहू दे. (फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन भावोजी उचलतात.)

तू विचारलंस की शनिवारी भावोजींच्या दाढेचं रूट कॅनाल आहे, ते घाबरलेत, काय काय होतं ते तूच सांग, कारण तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. हे वाचून मला घाम फुटला. महिन्यापूर्वी मी तुम्हा सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं होतं, की झालं काम, मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. ताई, मुंगीचं सोड, माझं रूट कॅनालच झालेलं नाही. मी अर्ध्यातून पळून आलो. अर्ध्यातून कसला, सुरू व्हायच्या आधीच.

दवाखाना आमच्या सलूनच्या बरोबर वर आहे. डॉक्टरीणबाई म्हणजे लहानपणी माझ्याकडे केस कापायला यायची तीच मुलगी. (फार वळवळायची. हललीस तर कान जाईल, असा दम मी तिला दर खेपेला द्यायचो. चाळीस वर्षांत हा दम किती पोरांना दिला त्याला गणती नाही.) तिची खुर्ची मी आधी धंद्याच्या नजरेने तपासली. मानेची उशी जरा मागे आहे, तसं तिला सांगितलंही. ती नुसतं ‘बरं काका’ म्हणाली. मग गळ्यात कागदी फडकं अडकवलं, दाढेचा फोटो काढला आणि हिरडीत इंजेक्शन दिलं. भावोजींना सांग, ते टोचतं, पण दहा आकडे मोजेपर्यंतच. नंतर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ आपली राहत नाही. इथपर्यंतची माहिती खात्रीची आहे.

पुढे ती म्हणाली, ‘‘दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.’’ मी हात वर केला. ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा केला. असं पाच वेळा झाल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘काका, मी अजून सुरूच केलेलं नाही.’’ मग कसल्याशा बारीक सुया घ्यायला ती पाठमोरी झाली, आणि माझे पाय मला न विचारता खुर्चीवरून उतरले. ‘आलोच’ असं काहीतरी मी म्हणालो. (त्या जिभेने काय निघालं देव जाणे.) बाहेर बाकावर आमचा पोस्टमन नंबर लावून बसला होता. गळ्यात फडकं, हनुवटीवर लाळ, अशा अवस्थेत मला पळताना पाहून तोही उठला आणि माझ्या आधी जिना उतरला.

घरी येऊन गरम चहा प्यायलो. बधिर ओठ दाताखाली आला तो कळलाच नाही, आणि तोंड हे एवढं सुजलं. बायकोने विचारलं, ‘‘झालं का?’’ मी मान हलवली. ताई, मी फक्त मान हलवली होती. तिने तीन दिवस मऊ मऊ करून खायला घातलं, आणि मग मागे फिरायची सोयच उरली नाही. दुकानात तर मी येईल त्याला धीर देत सुटलो. पोस्टमनला सांगितलं, की संध्याकाळी परत जाऊन करून आलो, तूही जा. तो बिचारा गेला, दोन खेपांत दाढ बरी करून आला आणि माझ्याच खुर्चीत बसून माझे आभार मानू लागला. माझा वस्तरा त्याच्या गालावर होता आणि समोरच्या आरशात मला माझ्याकडे बघवेना.

डॉक्टरीणबाई रोज दुकानावरून जाते, पण कुणाकडे चकार शब्द बोलली नाही. परवा दारात थांबून हळूच म्हणाली, ‘‘काका, आणखी लांबवलंत तर दाढ काढावीच लागेल. गुरुवारी चारची वेळ तुमच्यासाठी ठेवलीये.’’ रागावली असती तर बरं वाटलं असतं. (ती इतकी वळवळायची तरी मी तिचा कान शाबूत ठेवला, हे ती विसरलेली दिसत नाही.)

तेव्हा भावोजींना स्वच्छ सांग, की माझ्या भावाला यातलं काही कळत नाही, तो भित्रा आहे आणि वर खोटारडा आहे. माझ्या शब्दावर त्यांनी खुर्चीत बसू नये. हे लिहिताना कान तापलेत. फार लाज वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी तू येशील का? काही करायचं नाही, खुर्चीजवळ नुसती उभी राहा. बायकोला म्हणता येत नाही, तिच्या लेखी काम झालेलं आहे. एकसष्टाव्या वर्षी हे बहिणीला विचारू नये, कळतं मला. तरी ये.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात भावोजींचा फोन आला. त्यांच्या डॉक्टरांनी शनिवारऐवजी आजच बोलावलं आणि पहिली खेप झालीसुद्धा. म्हणाले, ‘‘तू सांगितलं होतंस म्हणून बसलो रे. अगदी तू म्हणालास तसंच. तुलाही असंच झालं होतं ना?’’ मी म्हणालो, हो, अगदी असंच.

तेव्हा हे पत्र वाचून लगेच फाड. पहिला ता. क. तेवढा ठेव.