आतली कडी

प्रिय चिमणे,

हे पत्र घरात कुणी नसताना वाच. शिवणाऱ्या बाईंकडे देते आहे. माप घ्यायच्या निमित्ताने त्या येतील आणि तुझ्याच हातात देतील. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. आधी मेहुणे फोन उचलतात, मग तू येतेस, आणि तुझ्या शेजारी कुणी उभं आहे की नाही हे मला तुझ्या श्वासावरून कळतं.

आधी कपाटाचं सांगते. लग्नानंतर तुमच्याकडची अडगळ काढली, तेव्हा ते दोन दारांचं लाकडी कपाट जुन्या सामानवाल्याकडे गेल्याचं तूच म्हणाली होतीस. आम्हाला कपाट हवंच होतं आणि नवं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "ताई, देणाऱ्याने फोडून टाक म्हणून सांगितलंय. पण लाकूड बघा, माझा हात धजावला नाही." एक दार नीट लागत नव्हतं, म्हणून त्याने जवळजवळ फुकटातच दिलं. घरी आणल्यावर तुझे भावोजी त्याच्याभोवती फिरून म्हणाले, "याला रंग कसला लावतेस, चार खांदेकरी बोलाव." त्यावर सरकारी दवाखान्यासारखा हिरवा ऑइलपेंट होता, थरावर थर. हसू नकोस, मला तेव्हा त्याचाही आनंद झाला होता. आपल्या हातांनी काही नवं करायचं म्हटलं की माझं डोकं शांत राहतं.

मागच्या गॅलरीत बसून मी कामाला लागले. रंग काढायचं औषध लावायचं, फुगे आले की पत्र्याने खरवडायचं, मग पॉलिश पेपरने घासायचं. हाताची सालं निघाली, पण हिरव्याखालून असं मधाच्या रंगाचं लाकूड निघालं की मी भावोजींना ऑफिसातून लवकर बोलावून घेतलं. बाहेरच्या बाजूला मुठीजवळ मात्र पत्रा सारखा रुतायला लागला. तिथे लाकूड नव्हतंच, भेगा बुजवायची लांबी भरलेली होती. ती उकरली तर खाली खोल खाचा. एक नाही, बऱ्याच, सगळ्या एकाच उंचीवर, आणि त्यातल्या एकीपासून दार उभं तडकलेलं. म्हणून ते लागत नव्हतं. मला वाटलं, सामान हलवताना कुणीतरी आपटलं असेल. भावोजी म्हणाले, "एकाच जागी इतक्या वेळा?"

मग आतली बाजू घेतली. आत रंगाचा एकच हात मारला होता, तोही घाईने. खालच्या कप्प्यावरची फळी करवतीने कापून काढलेली, नुसत्या टेकू पट्ट्या राहिलेल्या. पाठच्या फळीत बारीक भोकांची ओळ होती आणि तिच्यावर मागून कागद चिकटवलेला. रंग निघाला तसा डाव्या दारावर एक ठसा दिसायला लागला. छोट्या कडीचा. चार स्क्रूची भोकं लांबीने बुजवलेली, आणि उजव्या दारावर तिचा कोयंडा बसायची जागा. ते स्क्रू कुणा सुताराने बसवलेले नव्हते. वाकडेतिकडे, एक तर दोनदा चुकलेला. मी पत्रा खाली ठेवला. कपाटाला कडी असते ती बाहेरून. कपडे काही आतून दार लावून घेत नाहीत.

मी आत बसून पाहिलं. गुडघे पोटाशी घेऊन मला जेमतेम जमलं. जी कुणी तिथे बसत होती ती माझ्याहून बारीक असणार, तुझ्या अंगाची. तिची पाठ जिथे टेकत होती तिथलं लाकूड हाताला गुळगुळीत लागतं. मी दार ओढून घेतलं आणि लगेच उघडलं.

त्याच आठवड्यात मेहुणे आले, जवळच काम होतं म्हणून. तुझं सगळं ठीक आहे म्हणाले, चहा घेतला आणि कप हातात घेऊनच गॅलरीत गेले. कपाटाचं दार उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "हे इथे कसं आलं? मी फोडायला सांगितलं होतं." मी म्हटलं, लाकूड चांगलं आहे. "अहो ताई, कशाला एवढं खरवडायचं? वरूनच एक हात मारायचा," असं म्हणत त्यांनी त्या चार भोकांवरून अंगठा फिरवला. मी काही विचारलं नव्हतं. तरी तेच म्हणाले, "माझ्या पहिल्या बायकोला आत जाऊन बसायची सवय होती. डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं. म्हणून तर माहेरी पाठवली."

"आणि बाहेरच्या खाचा?" मी विचारलं.

त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. "जुनं लाकूड आहे, तडकतं," म्हणाला. जाताना चपला घालता घालता हसून म्हणाला, "चिमणीला यातलं काही सांगत बसू नका. ती मुळात घाबरट आहे."

तू घाबरट कधीच नव्हतीस. भिंतीवर चढून शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दगड दाखवणारी तू. तेव्हाच तुला फोन करावा, असं मला वाटलं, पण फोन कोण उचलणार ते माहीत होतं. म्हणून पॉलिश करत राहिले आणि तुला एकटीला गाठायचं कसं याचा विचार करत राहिले. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, लोक काय म्हणतील वगैरे काढेल. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आधी घरी आण तिला. बोलायचं ते मग बोलू."

आणि काल तूच फोन केलास, कधी नव्हे ते आपणहून. आवाज इतका हळू की मी दोनदा हॅलो म्हटलं. तू म्हणालीस, "ताई, ते कपाट तुझ्याकडे आहे असं हे म्हणाले, परत पाठवशील का? मला कपडे ठेवायला जागा नाही." चिमणे, लग्नाच्या वेळी तुमच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट करून घेतलंय, मी स्वतः त्यात तुझे कपडे लावलेत. मग तू विचारलंस, "दार आता नीट लागतं ना?" मी हो म्हटलं, तरी पुन्हा विचारलंस. त्या कडीचं तुला कुणी सांगितलं, की तुझं तुलाच सुचलं, मला माहीत नाही, आणि आत्ता ते विचारतही नाही. कपाट मी पाठवणार नाही. शनिवारी दुपारी, तो कामावर गेला की मी आणि तुझे भावोजी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी गाडी घेऊन उभे राहू. पिशवी भरू नकोस, दागिने शोधत बसू नकोस, अंगावरच्या कपड्यांनिशी खाली ये. नाही आलीस तर मी वर येऊन बेल वाजवेन, आणि तू दार उघडेपर्यंत वाजवत राहीन. हे वाचून झालं की कागद फाडून शिवणाऱ्या बाईंकडेच परत दे. त्यांना फक्त मान हलवून सांग, म्हणजे मला कळेल.

शनिवारची वाट पाहणारी,
तुझीच,
ताई