काळ्या पट्ट्यांची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय.

विषय : जगातील प्रसिद्ध स्थळांच्या माहितीपटाबाबतची माझी तक्रार रद्द करून सीडी विभागातील सहायकांना कामावर ठेवणेबाबत.
संदर्भ : माझाच दि. १८ फेब्रुवारीचा तक्रार अर्ज.

महोदय,

“लेखी दे गं, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं,” असे माझ्या सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, म्हणून मी मागचा अर्ज लिहिला. हा मात्र कोणीही न सांगता लिहीत आहे.

१. सासूबाईंना दोन वर्षे खाट सुटलेली नाही. त्यांना जग पाहायचे होते, म्हणून आपल्याकडील सीडी घरी नेली. लावताच चित्राच्या वर चार बोटे आणि खाली चार बोटे काळी पट्टी दिसली. “जगाच्या तोंडाला काळं फासून पाठवलंय की काय!” असे त्या म्हणाल्या. मी फूटपट्टीने पट्ट्या मोजल्या आणि सहायकांनी पिरॅमिडांचे पाय व आयफेल टॉवरचा शेंडा झाकल्याचे आपणांस कळवले. माहितीपटातले काही पुतळे उघडेनागडे असल्याने त्यांनी हा उद्योग केला असावा, असेही लिहिले. शेजारच्या अकरा बायकांच्या सह्या घेतल्या. वास्तविक टॉवरचा शेंडा दिसत होता. तो मला तेव्हाही दिसत होता.

२. काल टीव्ही दुरुस्तीवाले आवाज बघायला आले. ते हसून म्हणाले, “काकू, चित्र रुंद आहे नि तुमचा टीव्ही चौकोनी. अख्खं मावायचं तर वर-खाली रिकामं राहणारच. पट्टी आहे म्हणजे काहीच कापलेलं नाही!” ज्या पट्ट्या दाखवून मी एका माणसाच्या पोटावर पाय दिला, त्याच त्यांच्या सचोटीचा पुरावा होत्या. अकरापैकी नऊ जणींनी सह्या मागे घेतल्या आहेत. उरलेल्या दोघी म्हणतात, काळं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

३. मी रोज सकाळी दहापर्यंत मौन पाळते. आपली नोटीस मिळाल्यावर सहायक माझ्या दारी आले होते. “काकू, दोन मिनिटं ऐका,” म्हणत दोन्ही हात फाकवून काहीतरी दाखवू लागले. मी ओठांवर बोट ठेवले आणि दार लोटून घेतले. सासूबाईंना सांगितले, मौन होते. व्रत मोडले नाही याचे समाधानही मानले.

महोदय, तेव्हा घड्याळात सव्वादहा झाले होते.

४. परवा सोमवारपासून सहायकांचे नाव हजेरीपटावरून कमी होणार असे कळते. कोणाचे नाव कमी करणे भागच असेल, तर सभासदांच्या यादीतून माझे करावे.

५. आज सकाळी सहायकांच्या पत्नीला भेटले. त्यांनी मला आत बोलावले नाही, ते योग्यच झाले. उंबऱ्याबाहेरून त्यांना शब्द दिला, की ज्या वाचनकक्षात मी त्यांच्या यजमानांना लबाड म्हटले, तिथेच सर्वांसमोर चूक कबूल करीन. माझा आवाज बारीक आहे, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. तेव्हा एकेका बाकाशी जाऊन सांगेन. हा अर्ज आपल्या आवक खिडकीत देऊन मी तिकडेच निघाले आहे.

खाली मान घालून, आपली,
वाचक क्रमांक ४१२

दि. १२ मार्च, शनिवार