डावीकडे, खाली

१२ फेब्रुवारी

प्रिय डावरे,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद द्यायचं तुझं वय तरी आहे का, असं तू विचारशील. केस गेले, पोट सुटलं, आणखी काय पुरावा देऊ? फोन न करता लिहितोय, कारण फोनवर आपण पाचव्या वाक्याला भांडतो आणि मुद्द्याचं राहून जातं.

तुझं पार्सल मिळालं. खोक्यात खोकं, त्यात थर्माकोल, त्यात तो काळा कन्सोल आणि तू चित्रं काढलेला गेम. जोडताना मी वायरींचा असा गुंता केला की शेवटी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं. त्याने एक वायर उपसून शेजारच्या भोकात घातली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चहा टाकला. आई त्या कन्सोलला ‘डावरीचा डबा’ म्हणते. जेवणाचा डबा समजून कुणीतरी उघडेल एक दिवस.

पण तू सांगितलं नव्हतंस की ते आपलंच घर आहे! मी आपला समजत होतो, घरातल्या घरात हरवलेली मुलगी, तिला शोधणारी मावशी, खोलीखोलीत पसारा, पसाऱ्यातून यादीतल्या वस्तू शोधायच्या, मग किल्ली मिळते आणि पुढची खोली उघडते. आणि पहिलीच खोली उघडली तर आपलं स्वयंपाकघर! ती पोपडे आलेली भिंत, ते बंद पडलेलं घड्याळ. फ्रीजचं दार उलट्या बाजूला उघडतं, असं मी म्हणालो तर आई म्हणाली, डावखुऱ्या बाईने काढलेल्या घरात ते तसंच उघडणार.

खेळते आई, मी नुसता हमाल. कंट्रोलर माझ्या हातात असतो. मी यादी वाचतो, ती शेजारी बसून सांगते: मोठ्या वस्तूच्या सावलीत बघ, डावीकडे खाली बघ, ती नेहमी तिथेच लपवते. आणि वस्तू खरंच तिथे असते. खेळात ते इशाऱ्याचं बटण आहे ना, ते तिने एकदाही दाबू दिलं नाही. म्हणाली, इशारा कसला घ्यायचा, पोरगी माझी आहे. सगळ्या खोल्या झाल्या, शेवटचीसुद्धा. शेवट फार आवडला.

बाकी घरात आईचं राज्य कडक झालंय. कुठली वस्तू जागची हलवायची सोय नाही. परवा मी स्टूल दिव्याखाली ओढलं आणि परत ठेवायला विसरलो. ती त्याला अडखळली, आणि बोलणी मात्र मी खाल्ली. तब्येत वयाप्रमाणे. डोळे जरा कोरडे पडतात म्हणून थेंब घालते. काळजीचं कारण नाही.

तुझ्या येण्याचं आई म्हणते की काम अर्धं टाकून येऊ नको, सवडीने ये. मीही तेच म्हणतो.

तुझा,
दादा

९ एप्रिल

प्रिय डावरे,

आशीर्वाद आहेतच. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसतो आणि काहीतरी निमित्त काढून उठतो. गच्चीवरची पाण्याची टाकी बदलली. दुकानाला नवा पडदा केला, हिरवा, आईला विचारून. समोरच्या शिंप्याने मशीन विकलं आणि आता तो दिवसभर आमच्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना चष्म्याच्या फ्रेम सुचवतो. त्याच्यामुळे धंदा वाढलाय की घटलाय, ते अजून कळलेलं नाही.

टाकीचं तुला काय पडलंय. मलाही नाही.

तू लिहिलंस की ऑफिसात आईचं नाव ‘बिनइशारा आई’ पडलंय. दुसऱ्या भागाच्या अर्धवट खोल्या तुम्ही सगळ्यात आधी तिच्याकडे पाठवणार, ती जिथे अडकेल तिथे तुम्ही चित्र सुधारणार. तो भाग बाजारात आला की हिवाळ्यात तू येणार. आणि शेवटी तू विचारलंस, मुलगी सापडल्यावर आई हसली की रडली, एवढंच सांग.

ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. ‘बिनइशारा आई’ला ती खळखळून हसली. हिवाळ्याचं वाचलं तेव्हा म्हणाली, बरं. शेवटचा प्रश्न मी गाळला.

डावरे, आईला दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण थोडं, मधोमध. कडेचं सगळं गेलंय. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं थेंबांनी जेवढं टिकेल तेवढं टिकेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. थेंब कोरडेपणाचे नाहीत. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं, आणि लिहिताना मला सगळं माहीत होतं.

कसं कळलं ते सांगतो. तुझ्या गेममुळे कळलं. पहिल्याच दिवशी यादीत लाल कात्री होती. पडद्याच्या उजव्या कडेला चांगली वीतभर कात्री लटकत होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने बोललो, आणि आता ते मला गिळता येत नाही. आई म्हणाली, कात्री नाहीच या खोलीत. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग ती पुढे झाली, पार काचेजवळ, आणि मान एकीकडून दुसरीकडे नेत चित्र तुकड्यातुकड्याने बघायला लागली. मला काहीतरी खुपलं. मी म्हटलं, आई, तू मागे बस, मधल्या घड्याळाकडे बघत राहा आणि हा बाण दिसला की सांग. कंट्रोलरने मी बाण अगदी कडेपासून हळूहळू आत आणत गेलो. उजवीकडून आणला, डावीकडून आणला, वरून, खालून. दर वेळी बाण जवळजवळ घड्याळाला टेकल्यावर ती म्हणायची, दिसला.

चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं माझं. याचा अर्थ मला डॉक्टरीणबाईंनी सांगावा लागला नाही.

आता तू म्हणशील, दुकानात आयुष्य गेलं, मग इतकी वर्षं काय करत होतास? तेच सांगतो. दर वर्षी मी तिला दुकानातल्या खुर्चीत बसवायचो आणि अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचो. शेवटची बारीक ओळ ती घडाघडा वाचायची. मला कोण अभिमान. गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्या आईचं वय बघा आणि नजर बघा. पण तक्ता असतो नाकासमोर, तो मधलंच तपासतो. कडा तपासायला मोठ्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि वाचता येतंय म्हटल्यावर मी कशाला नेतोय? दुसऱ्या कुणाची आई असती तर म्हणालो असतो, ‘एकदा दाखवून घ्या.’ स्वतःच्या आईच्या बाबतीत मला माझ्याच तक्त्यावर भरवसा होता.

आणि घरात तर शंका यायला जागाच नव्हती. आपल्या घरात काही हरवलं की आईला विचारायचं, हा लहानपणापासूनचा शिरस्ता. किल्ली कुठे, कैची कुठे, छत्री कुठे. ती न बघता सांगायची. ते ‘न बघता’ आपण नुसतं म्हणायचो. गेली काही वर्षं ते खरं होतं. प्रत्येक वस्तू जागच्या जागी असली की तिला डोळ्यांची गरज पडत नव्हती. म्हणून ती कडक झाली होती, म्हणून ते स्टूल. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा तेव्हा मी म्हणायचो, आई, धांदल कमी कर. व्हिडिओवर तुझ्याशी बोलायला ती का टाळायची, तेही आता लक्षात येईल. तिची नजर कशी चाचपडते ते तू क्षणात ओळखलं असतंस. दिवसभर नजर कुठे कुठे जाते याचाच तर तू विचार करत असतेस. तुझ्या चित्रातल्या वस्तू मात्र तिच्या जागेवर नव्हत्या, तुझ्या जागेवर होत्या. त्यामुळे ती पकडली गेली.

तपासणीहून परत येताना रिक्षात तिने माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळवायचं नाही. मी विचारलं, का? म्हणाली, ‘ती काम टाकून धावत येईल आणि माझ्याकडे कीव करून बघेल. मला ते दिसणारही नाही, तरी नको.’ मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तुला सांगायचं नाही म्हणजे माझा तक्ताही सांगायला नको.

आता शेवटच्या खोलीचं. त्या खोलीबद्दलही मी खोटं लिहिलं. गेम पूर्ण झालेला नाही.

बाकीच्या खोल्या आम्ही खरंच सोडवल्या, लिहिलं होतं तशाच. मी पसारा वाचून दाखवायचो, ती तुला ओळखून सांगायची. तेवढं सगळं खरं आहे. शेवटी शिवणाची खोली उघडली. यादीत एकच गोष्ट, ‘मुलगी’. मी पडदा पिंजून काढला. कपाटात बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आरशात बघितलं. आईने डोळे मिटून विचारलं, मशीन कुठल्या बाजूला काढलंय? म्हटलं, डावीकडे. मग म्हणाली, ‘त्याच्या पायट्यामागे बघ, खाली, चिंध्यांच्या ढिगात. मी शिवायला बसले की ती तिथेच बसायची.’

तू तिथेच होतीस. नखाएवढी, चिंध्यांमधून तोंड बाहेर काढलेली.

मी मोठं करायचं बटण दाबलं. चित्र वाढत वाढत तुझा चेहरा पडद्याच्या मधोमध आला. आईने खुर्ची पुढे ओढली, थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे. मग थांबली. म्हणाली, ‘मावली सगळी.’ सबंध पडद्यावर दुसरं काहीच तिला अखंड दिसलेलं नाही. फ्रीज नाही, खिडकी नाही. तुझा चेहरा हातभर अंतरावरून सबंध दिसला, हनुवटीसकट.

ती बघत राहिली. बराच वेळ काही दाबलं नाही की तुमचा गेम आपणहून इशारा देतो, हे मला माहीत नव्हतं. तुझा चेहरा लुकलुकायला लागला. मी दाबायला गेलो तर तिने माझा हात धरला.

‘दाबू नकोस.’

‘अगं सापडली ना. दाबलं की संपलं.’

‘तेच म्हणते. कात्री सापडली, गेली. चमचे सापडले, गेले. यात जे सापडेल ते नाहीसं होतं. राहू दे तिला तिथे.’

तेव्हापासून ते तिथेच थांबलंय. तुझ्या शेवटात पुढे काय आहे, मावशी मुलीला उचलून घेते की आणखी काय, आम्हाला ठाऊक नाही. आई रोज सकाळी चहा झाला की टीव्ही लावायला सांगते आणि तुझ्यासमोर खुर्ची घेऊन बसते. थोड्या वेळाने तू लुकलुकायला लागतेस, मग ती म्हणते, कर बंद. तू विचारलं होतंस, हसली की रडली. दोन्ही नाही. ती बघतेय.

काल तिने विचारलं, आता कशी दिसते गं ती? मला ‘गं’ म्हणाली, म्हणजे माझ्याशी बोलत नव्हती. तरी मी उत्तर दिलं की तशीच आहे, चष्मा लागलाय. ती म्हणाली, चष्मा तुझ्या दुकानातला नसला म्हणजे मिळवली. मी हसलो आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. तुझा तो चित्रातला चेहरा सात वर्षांच्या पोरीचा आहे. तिच्या नजरेत जेवढी जागा उरलीय तेवढी रोज त्या पोरीने भरते, आणि खरी तू हिवाळ्यात येणार आहेस. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, हिवाळ्यापर्यंत मधलं राहील ना? त्यांनी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

जानेवारीत कळलं तेव्हाच लिहिलं असतं तर तू केव्हाच आली असतीस. उलट मी ‘सवडीने ये’ असं लिहिलं. तुझी सवड मी फुकट घालवली, डावरे, आणि आईची नजरही माझ्याच खुर्चीत बसवून फुकट घालवली. तू काय बोलशील ते बोल, फोनवरसुद्धा चालेल. मी मधे बोलणार नाही.

दुसऱ्या भागाच्या खोल्या पाठवू नकोस. तू ये. मी वचन मोडल्याचं आईला आज संध्याकाळी सांगणार आहे. ती ओरडेल, पण तू येतेयस हेही ऐकेल. येशील तेव्हा दारातून हाक मारून बाजूने मिठी मारायची तुझी सवय आहे, ती या वेळी नको. कडेने आलेलं तिला कळत नाही, दचकते. समोरून ये. टीव्हीसमोरची खुर्ची आम्ही हलवलेली नाही. तिच्यापुढे हातभर अंतरावर बस आणि थोडा वेळ हलू नकोस.

उशिरा इशारा देणारा,
तुझा दादा