तीन डोकी, आठ पाय

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीतून उठले नाहीये, भाव समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? मामीचा राग कसा आहे? इकडे सगळं ठीक. म्हणजे आई दिवसातून एकदा तुझ्यावर चिडते आणि दोनदा विचारते, "त्याचा फोन आला का गं?"

विषय तोच, तो फोटो. तिघी बहिणी ओळीने, चौकटीचे फ्रॉक, मागे चौकटीचा पडदा, आणि तू नाहीस. "सख्ख्या बहिणींनी मला घरच्या फोटोतून वगळलं" हे तुझं भाषण मी दुपट्यात होते तेव्हापासून ऐकतेय (त्यात दरवर्षी भर पडते, गेल्या खेपेला त्या दिवशी तुला तापही होता). आता येत्या रविवारी तिघी आजोबांच्या त्याच शिवणखोलीत (जिथे हल्ली मी आणि माझ्या अर्धवट कादंबऱ्या राहतो) तस्साच फोटो पुन्हा काढणार, आणि तुला बोलावलं तर तू म्हणालास, "फोटो तिघींचा आहे. चौथा कशाला?" आईने फोन ठेवला आणि अर्धा तास एकच पातेलं घासत बसली.

म्हणून मी जुना फोटो मोठा करायला दुकानात नेला. तिथला माणूस भलताच उत्साही. "मागचा पडदा कळकट दिसतोय ताई, कॉम्प्युटरने उडवू का?" मी म्हटलं, उडवा. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की आमचे आजोबा शिंपी, आणि कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेला अख्खा तागा त्यांनी घरातच जिरवला होता? फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, मशीनचं झाकण, सगळं एकाच चौकटीचं. कॉम्प्युटरला तरी कसं कळावं, पडदा कुठे संपला आणि मावशी कुठे सुरू झाली? त्याने सरसकट सगळंच उडवलं. हवेत तरंगणारी तीन डोकी आणि सहा हात, खाली पाय. "घाबरू नका ताई, परत आणतो," तो म्हणत होता. मी पाय मोजत होते. आठ.

आठ, मामा! दोन जास्तीचे, अनवाणी, पडद्याखालून डोकावणारे. त्यातल्या डाव्याला अंगठाच नाही. मूळ फोटोत आहे, चिंधी बांधलेला. पण चिंधीही त्याच ताग्यातली, तीही उडाली. आणि आजोबांची इस्त्री डाव्या अंगठ्यावर कुणी पाडून घेतली होती, हे तूच शंभरदा सांगितलंयस. तेव्हा साहेब, आपण फोटोत आहात, स्वतःच्या पायांवर उभे आहात, आणि लपून बसून वर पन्नास वर्षं रडगाणं गाताय. रविवारी या, माफी मागा आणि ओळीत उभे राहा.

तुझी विजयी भाची

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. ती आत गेली, बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, "तो लपला नव्हता. मी ढकललं होतं." त्या सकाळी तिने कापडाच्या कात्रीने तुझे केस कापले होते म्हणे (एक बाजू बरी जमली होती, हे तिचं मत). फोटो काढायला समोर आजोबा उभे राहणार, म्हणून तुला आधीच पडद्यामागे कोंबलं आणि दम दिला, "हललास तर दुसरी बाजूपण कापेन." (जेवायच्या वेळी आजोबांना दिसणारच होतं, एवढा विचार नऊ वर्षांच्या डोक्यात नव्हता.) तू हलला नाहीस. वगळलं म्हणून जगभर ओरडलास, पण कुणी ढकललं ते आजवर एकदाही सांगितलं नाहीस. तेव्हा वरचं सगळं पत्र मागे घेते. माफीचं तेवढं राहू दे, फक्त मागणारं माणूस बदललंय.

आणखी एक ता. क. ती स्वतः फोन करायची नाही, तू ओळखतोसच. तुझ्या डोक्यावर कापण्यासारखं आता काही उरलेलं नाही, हे मी तिला सांगून ठेवलंय. तिने मात्र सकाळपासून शिवणखोलीतले सगळे पडदे काढून धुवायला टाकलेत, आणि म्हणते, रविवारपर्यंत लावायचे नाहीत.