काळ्या कड्याचा पूल

इबार्रा,
४ ऑगस्ट २००३

ती. इल्दामावशीस,
सा. न. वि. वि.

शाळेला सुट्टी लागली आणि माझ्या पायांना चाकं फुटली. मी आणि माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी गणिताची बाई मार्लेने, अशा दोघी बंद पडलेल्या रेल्वेमार्गानं तुझ्याकडे येतोय. चालेल तिथवर सायकल, पुढे सायकल खांद्यावर. कुठले बोगदे आणि पूल शाबूत आहेत ते वहीत टिपायचंय. उद्या त्या वाटेनं पायी फिरणारे लोक येऊ लागले, तर गाडी बंद झाल्यापासून ओस पडलेलं तुझं गाव जागं होईल. काळ्या कड्याचा पूल ओलांडला की तुझं अंगणच! सेगुंदोकाका जन्मभर त्याच रुळांवर राबले, त्यांना विचारून वाटेचं कळव. तुरीच्या दाण्यांचा भात जरा जास्त कर, मार्लेने दोघींचं जेवते.

तुझी आगाऊ भाची,
यादिरा

सांता लुसिला,
८ ऑगस्ट

चि. यादिरास अनेक आशीर्वाद.

बसवाल्या एलादिओनं पत्र दिलं. यायचं तर बसनं ये. वळसा पडून अर्धा दिवस मोडेल, मोडू दे. त्या मार्गावर आता उरलंय काय? झुडपं, साप आणि बोगद्यात वटवाघळं. पुलावर वारा असा, की माणसालासुद्धा उडवील. काकांना विचारलं, तर उठून परसात गेले. थोरल्यांचं ऐकावं, बाळ. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?

तुझी काळजी करणारी,
मावशी

इबार्रा,
१२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

साप झाले, वटवाघळं झाली, एक भूत तेवढं विसरलीस! एलादिओ सांगतो की खालच्या रस्त्यावरून पूल अगदी धडधाकट दिसतो. आम्ही परवा, गुरुवारी सकाळी निघतो, शनिवारी दुपारी पुलाशी असू. उत्तर पाठवू नकोस, मी घरी नसेन. रागावायचं ते समोरच रागाव.

तुझीच,
यादिरा

सांता लुसिला,
१४ ऑगस्ट

यादिरा,

तुझं पत्र आत्ता हाती आलं. बस निघायला पाच मिनिटं आहेत.

पूल धडधाकट दिसतो, पण तो तसा नाही. गाडी बंद झाल्यावर काकांनी मधल्या गाळ्याचं आडवं लोखंड आणि बोल्ट काढले. आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर त्यावर उभं आहे. कुणाला कळू नये म्हणून वर लाकडं होती तशीच मांडून ठेवली. मला पहिल्यापासून माहीत होतं. नवऱ्याची अब्रू म्हणून गप्प बसले आणि तुला सापांच्या गोष्टी सांगितल्या.

हे वेळेत मिळालं नाही, तर शनिवारी सकाळपासून मी पुलाच्या तोंडाशी उभी असेन. पाय ठेवू नकोस गं.

मावशी

इबार्रा,
१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
नमस्कार.

आज घरी पोचले तेव्हा तुझं पत्र दाराखाली पडलेलं होतं.

शनिवारी मार्लेने बोगद्याशी पंक्चर काढत बसली आणि मी सायकल हातात धरून पुढे निघाले. पलीकडे तू दोन्ही हात हलवत होतीस. मला वाटलं, स्वागत चाललंय, म्हणून मीही हात हलवला. नदीचा गोंगाट एवढा, की तुझं तोंड उघडताना दिसे, शब्द एक नाही. मग तू चपला काढल्यास आणि पुलावर चढून सरळ माझ्याकडे यायला लागलीस. मी थबकले ते तू पडशील या भीतीनं, मी पडेन म्हणून नव्हे. पुढचं चाक टेकलं होतं ते लाकूड तेवढ्यात खचलं. मी सायकल सोडून दिली. ती नदीत पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. हातागुडघ्यांवर रांगत मी उलटी मागे आले.

वर पाहिलं तर तू रूळ धरून खाली बसलेली, आणि कुणीतरी काठी टेकत तुझ्याकडे येत होतं. तेवढ्यात धुकं चढलं. कितीतरी वेळ हाका मारल्या. तू उतरलीस ना? चार दिवस मी अन्न गिळते आहे, चव कळत नाही. दोन ओळी पाठव.

वहीत मी फक्त एवढंच लिहिलंय की पूल धोक्याचा आहे. काकांचं नाव नाही आणि येणारही नाही. पण परतताना कालच कीटोचे दोघे सायकलवाले भेटले, त्या वाटेची चौकशी करत होते. मी सांगितलं तर हसले, म्हणाले की बाईमाणसाला सगळेच पूल हलते वाटतात.

वाट पाहणारी,
यादिरा

सांता लुसिला,
२६ ऑगस्ट

चि. यादिरास अनेक आशीर्वाद.

उतरले गं. काठीवाले तुझे काकाच. ज्यांना परसापर्यंत जायला दोनदा टेकावं लागतं, ते माझ्यापर्यंत आले. म्हणाले, माझा पट्टा धर आणि खाली बघू नकोस. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मला कधीपासून माहीत होतं. मी सांगितलं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, त्या सायकलवाल्यांच्या मजकुरासकट. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन फळ्या रंगवल्या. एक इकडच्या टोकाला ठोकली. दुसरी घेऊन एलादिओच्या बसनं लांबच्या वळशानं तिकडे गेले आणि बोगद्याच्या तोंडाशी ठोकून आले. लिहिलंय असं: या पुलाचं लोखंड मी काढलं आहे. पाय ठेवू नका. सेगुंदो मिंडा, सांता लुसिला.

मी पाया पडले, की नाव तेवढं खोडा, पोलीस येतील, गाव थुंकेल. तर म्हणाले की बिननावाच्या पाटीला लोक हसतात आणि पुढे जातात.

तेव्हापासून रस्त्यावर कुणाची चाहूल लागली तरी मी दार लोटून घ्यायला धावते. ते मात्र दाराशीच खुर्ची टाकून बसतात, तोंड रस्त्याकडे करून. तू बसनं ये, लवकर ये. आम्हां दोघांवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मावशी