अमावस्येची नोंद

४ ऑगस्ट
सकाळी गंगापूर रोडच्या ऑफिसात बाळासाहेब. कळवणला द्राक्षांचं पॅकहाऊस आहे त्यांचं. पुन्हा तोच प्रश्न, "मॅडम, केस लंडनला आन् वकील नाशकात, कसं काय?" म्हटलं, कॅमेऱ्यात दोन्ही गावं शेजारीशेजारीच दिसतात.
फाइल वाचायला घेतली. हॉलंडच्या खरेदीदाराचं म्हणणं एवढंच, की गेल्या वर्षीचा पहिला कंटेनर द्राक्षं पुरेशी थंड न करताच भरला, म्हणून माल सडला. आमचं म्हणणं, पुरता थंड केला होता. सगळी भिस्त हिराबाईंच्या वहीवर. त्या तिथल्या सुपरवायझर, शीतगृहाची नोंदवही त्याच लिहितात. लवादापुढे सुनावणी १८ ला.

६ ऑगस्ट
घात! वहीत माल शीतगृहात गेला सकाळी सहाला. कंटेनर बंद झाला त्याच दुपारी बाराला. सहा तास! एवढ्यात द्राक्षं कुठली गार होतायत? आणि हिराबाईंचं प्रतिज्ञापत्र मीच लिहिलंय, ह्याच वहीवरून. तेव्हा तापमान पाहिलं, वेळ पाहिली नाही. वीस वर्षं परदेशातले लवाद लढवतेय म्हणे. स्वतःलाच दोन ठेवून द्याव्यात.

८ ऑगस्ट
कळवण. हिराबाईंना वही दाखवली. त्या शांत. "आदल्या दिवशी सांजच्यालाच टाकला व्हता माल. पन ती अमुशा व्हती ना. अमुशाला वहीत नवी नोंद धरत नाय आमी. दुसऱ्या दिवशी सकाळी लिवली."
"मग मला का नाही सांगितलं?"
"तुमी वहीतलं इचारलं, मी वहीतलं सांगितलं."
म्हणजे माल अठरा तास थंडीत होता आणि आमचीच वही आमच्यावर उलटली. यंत्राची स्वतःची नोंद मागितली, तर ती सहा महिन्यांत आपोआप पुसली जाते.

९ ऑगस्ट
बा.सा. घाबरलेत. "वहीतली तारीख खोटी म्हणून आपणच सांगितलं तर बाकीचे गिऱ्हाईक आमच्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवतील? हाताची चूक झाली म्हणू." नाही म्हटलं. हाताची चूक नव्हतीच ती.
सरांना मुंबईला फोन. माझे पहिले सीनियर, आता निवृत्त. सगळं ऐकून म्हणाले, "तू चुकलीस ते आधी तू सांग. मग साक्षीदाराचं ऐकून घेतील." ह्या माणसाच्या हाताखाली शिकायला मिळालं, केवढं भाग्य. दुरुस्त प्रतिज्ञापत्र आजच पाठवलं. सोबतच्या पत्रात पहिली ओळ माझ्या कबुलीची.

१८ ऑगस्ट
सुनावणी. लवाद म्हणजे लंडनच्या एक निवृत्त न्यायाधीश बाई. हिराबाई एका खोलीत कॅमेऱ्यासमोर, मी दुसरीत. दुभाषी मुलगी पुण्याची, फार छान काम केलं पोरीने.
समोरच्या वकिलाने थेटच विचारलं, "म्हणजे तुम्ही वहीत खोटं लिहिता?"
"अमुशाचं दुसऱ्या दिवशी लिवते. वेळ बी लिवते तवाचीच टाकते. थंडीचा आकडा मातर काट्यावर दिसंल तोच."
"ही पद्धत आत्ताच सुचली?"
"पयल्यापासून हाय. मागच्या वह्या बघा की."
मागच्या वह्या मी कुठे पाहिल्यात! लवाद बाई म्हणाल्या, बघूच. पाच हंगामांच्या वह्या द्या, सोबत त्या त्या वर्षाचं पंचांग. लंडनच्या लवादात पंचांग पुरावा म्हणून! सरांना सांगितलं तर खो खो हसले.

२१ ऑगस्ट
वह्या आल्या. दिवाणखान्यात फतकल मारून बसलो. ह्यांनी पंचांग वाचायचं, मी वही बघायची. अमावस्या? कोरी. पुढची? कोरी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या केसमध्ये नवरा इतका रमलेला पहिल्यांदाच पाहिला. बरं वाटलं.
पण वह्या चारच. पाचवी? बा.सा. म्हणतात सापडत नाही.

२३ ऑगस्ट
बा.सा. खरं बोलले एकदाचे. त्या पाचव्या वहीत एका अमावस्येला नोंद आहे. हिराबाईंच्याच अक्षरात. "एकच हाय हो. उंदरांनी खाल्ली म्हणू वही." राग आला, मग ओसरलाही. माणूस वाईट नाही, भ्यालाय. पण वही दिली नाही तर ही केस मी सोडणार, हे सांगून टाकलं.

२५ ऑगस्ट
दुपारी हिराबाई दारात. कळवणहून एसटीने आल्या, पिशवीत वही. "दादांनीच दिली. म्हनले, तूच ने." बाळासाहेबांना त्या दादा म्हणतात.
त्या नोंदीचं विचारलं. त्या दिवशी तपासणीचे साहेब समोर उभे होते, म्हणाले आत्ताच्या आत्ता लिहा. "लिवावं लागलं. हे बी सांगा त्या बाईला."
ह्या एका नोंदीने केस जाऊ शकते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीच म्हनले ना, मागच्या वह्या बघा. मंग दाखवाया नको?" त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, चहा केला.

२ सप्टेंबर
पाचही वह्या, पंचांगं, हिराबाईंचा खुलासा, सगळं लंडनला पोचलं. समोरच्यांचं उत्तरही आलं: एका अमावस्येला लिहिता येतं, तर बाकीच्यांना का नाही? प्रश्न चोख आहे. मी त्यांच्या बाजूला असते तर हाच विचारला असता. लवाद बाईंचा निरोप, निवाडा लेखी कळवू. कधी, ते नाही.
संध्याकाळी हिराबाईंचा फोन. "मानंल का ती बाई?"
"माहीत नाही हो. खरंच माहीत नाही."
त्या म्हणाल्या, "दादा म्हनतात, अवंदापासून अमुशाचं अमुशालाच लिवायचं. लिवीन. पन पयल्या टायमाला तुमी यावा. तुमच्या हातानं लिवा."
त्यांच्या नावाने प्रतिज्ञापत्रात एकदा चुकीचं लिहून बसलेली मी. आणि मलाच बोलावतायत.
येते म्हणाले.